मला समुद्र दाखवायला नेलं

बीदर जिल्ह्यातल्या आमच्या खटकचिंचोळीत समुद्र पाहिलेली माणसं मोजकीच. मुंबईला कामाला जाऊन आलेले दोघं-तिघं, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार, आणि आता मी. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी परिषदेचा वृत्तांत लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. परिषदेत कोणते ठराव झाले ते दुसरं कुणीतरी नीट लिहील. माझं जे झालं ते मी लिहिते.

एकतीस वर्षं मी या गावात मंडळीची सेविका होते. गाव मोठं, बाजाराचं. पण आमची मंडळी लहान. पत्र्याचं एक प्रार्थनागृह, त्याला लागून माझी खोली, खोलीपुढच्या ओसरीत तीन शिलाई मशिनी. रोज सकाळी गावातल्या मुली आणि बाया शिवण शिकायला यायच्या. त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या घरातल्या. रविवारी आमची माणसं प्रार्थनेला यायची. गाव मला मार्थाक्का म्हणतं. मी लग्न केलं नाही. आईवडील गेले. भाऊ हैदराबादला असतो, त्याच्या मुलांना मराठी धड येत नाही, त्यामुळे फोन लवकर संपतो.

पौषात आमचे पाळकसाहेब मोटारसायकलवर आले. तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. चहा पिता पिता म्हणाले, "मार्थाबाई, यंदा परिषद समुद्राकाठी हाय. राज्यातले सगळे मिशन-पुढारी येणार. तुमी चला."

"मी कुठली आलेय पुढारी?"

"एकतीस वर्षं एकटीनं केंद्र चालवलाव, आन् पुढारी न्हाई म्हणताव? समुद्र बघितलाव का कधी?"

"न्हाई."

"मग झालं तर."

मला फार आनंद झाला. खोटं कशाला सांगू? दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवता शिवता स्वतःसाठी शिवायचं राहूनच जातं. त्या आठवड्यात मी माझ्यासाठी दोन शिवले. शेजारची गंगाक्का मेंढरं राखणाऱ्या घरातली, आता मजुरीला जाते. तिनं मला वाटेसाठी जवारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. "तिकडं निसता भात खातेत म्हणं. उपाशी मरचाल," म्हणाली.

घाटाखाली

आम्ही चौघं निघालो, तिघं पाळक आणि मी. हुबळीपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुढे घाट लागला. बाकीचे खिडकीतून जंगल बघत होते आणि मी प्लॅस्टिकची पिशवी धरून बसले होते. मला उलट्या लागल्या होत्या. त्यामुळे अरबैलचा घाट कसा दिसतो ते मला विचारू नका. डोकं वर केलं तेव्हा उतार संपला होता, दोन्ही बाजूंना नारळ होते आणि हवा ओल्या फडक्यासारखी तोंडाला चिकटत होती.

शिबिराची जागा अंकोल्याच्या अलीकडे, एका मोठ्या वाडीत होती. मला पहिलं नवल वाटलं ते भिंतींचं. त्या आमच्याकडच्याच लाल दगडाच्या होत्या. बीदरचा किल्ला ज्या दगडाचा, भालकीतली जुनी घरं ज्या दगडाची, तोच खरबरीत, भोकाभोकांचा जांभा. इतकं लांब येऊन ओळखीचं काही भेटलं म्हणून मी भिंतीवर हात ठेवून उभी राहिले. मागून कुणीतरी विचारलं, "चक्कर येतेय का?"

बाकी काही ओळखीचं नव्हतं. भात लाल आणि जाड, प्रत्येक भाजीत खोबरं, कालवणात मासा. मासा मी खाल्ला. चांगला होता, पण काटे काढता काढता पंगत उठून जाई आणि मी एकटीच बसलेली असे. धुतलेली साडी दोन दिवस वाळली नाही. आमच्याकडे तासाभरात कडकडीत होते.

माझ्या खोलीत रेचल नावाची बाई होती, शिमोग्याकडची, शाळेत शिकवणारी, पस्तिशीतली. स्वभावाने फार गोड. सभेतलं बरंच बोलणं इंग्रजीत चालायचं, ते ती माझ्या कानाशी कन्नडमध्ये सांगायची. कन्नड मला येते. आमच्या बाजारात एका वाक्यात मराठी, कन्नड, दखनी तिन्ही चालतात, कुणाला काही वाटत नाही. पण तिथे मी तोंड उघडलं की माणसं हसायची. वाईट हेतूने नाही. "बीदरच्या का? ऐकूनच कळलं," म्हणायची आणि पुन्हा आपापसांत बोलायला लागायची. दुसऱ्या दिवसापर्यंत मी नुसती मान हलवायला लागले होते. मराठी बोलायला पाळकसाहेब होते, पण ते पहिल्या रांगेत, मी मागून तिसऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रांचा अहवाल होता. पडद्यावर एकामागून एक तक्ते येत होते. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझ्या गावाचं नाव ओळखता येतं; मशिनीचे सुटे भाग येतात त्या खोक्यावर तेच असतं. ते पडद्यावर दिसलं. पुढे अकराचा आकडा होता. शेवटच्या खान्यात एक शब्द. मी रेचलच्या तोंडाकडे बघितलं. ती सांगायची थांबली होती.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"आमेले हेळ्तीनी," ती म्हणाली. नंतर सांगते.

पडदा बदलला. दुसऱ्या गावांची नावं आली. चहाच्या वेळी तिने मला नारळाखाली नेलं. म्हणाली, "जूनपासून तुमचं केंद्र तालुक्याच्या मंडळीत विलीन करणार, असं लिहिलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की," मी म्हणाले.

का असं म्हणाले? लाज वाटली. सगळ्या सभागृहाला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे तिच्यासमोर कबूल करवेना.

तो अकराचा आकडा माझाच होता. दरवर्षी फॉर्म भरताना मी तेवीस लिहीत असे. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली पोरं, त्यांच्या बायका, लेकरं, सगळी आमचीच म्हणून धरायची. नाताळाला येतात ना! गेल्या वर्षी मात्र मला वाटलं, देवाच्या कामात हे बरोबर नाही. रविवारी जेवढी माणसं बसतात तेवढीच मोजली आणि अकरा लिहिलं. तो फॉर्म टाकून आले तेव्हा मला हलकं वाटलं होतं.

किनाऱ्यावर

तिसरा दिवस सहलीचा. आधी मिरजानचा किल्ला दाखवला. तिथेही तोच लाल दगड, त्यावर हिरवं शेवाळ. आमचा बीदरचा किल्ला उन्हात भाजलेला असतो, हा भिजून भिजून काळवंडलेला. बसमध्ये सगळे गात होते. मी टाळ्या वाजवत होते, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

मग समुद्र. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, तलाव, फार तर कारंजा धरण. धरण कितीही भरलं तरी पलीकडे काठ दिसतो, काठावर कुणीतरी म्हैस धुत असतं. इथे पलीकडे काही नव्हतं. मी चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेने चालत निघाले. लाट येऊन पायाखालची वाळू ओढून नेई. पहिल्यांदा मी घाबरून ओरडले, मग मागे वळून बघितलं की कुणी ऐकलं का. जवळपास कुणी नव्हतं. सगळे दूर फोटो काढत होते. मग मी पुढेच चालत राहिले. केंद्र बंद झाल्यावर मशिनींचं काय, आमच्या आंधळ्या सत्यवानमामांना रविवारी तालुक्याला कोण नेणार, असं एकेक डोक्यात येत होतं. किती चालले ते कळलं नाही.

परत आले तेव्हा बस नव्हती.

पुढचं मला मागाहून कळलं. निघताना डोकी मोजली होती. पण तिथला एक स्वयंसेवक गाडीत चढला होता, त्यामुळे आकडा बरोबर भरला. माझा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला. शिबिराच्या जागेचं नाव मला सांगता येत नव्हतं, कारण ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला बसले. पुरुषाला कदाचित इतकं वाटलं नसतं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला रडू आलं.

"खंयच्यान आयलीं गो?"

समोर एक म्हातारी उभी होती. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, हातात काठी. वाळूत तिने बांगडे सुकत घातले होते आणि काठीने कावळे हाकलत होती. तिची भाषा माझी नव्हती, पण तीन दिवसांत पहिल्यांदाच कानाला काहीतरी आपलं लागलं. मी मराठीतच सांगितलं, बीदरकडून आलेय, गाडी मला टाकून गेली.

"मराठी?" ती हसली. "हांवय मराठी शाळेंत शिकल्यां. तिसरी मेरेन. म्हजें माहेर कारवारचें, आमगेर तेन्ना मराठीच शाळा आशिल्ली." म्हणजे तिसरीपर्यंत ती मराठी शाळेत गेली होती. मग तिने बोट वर करून शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं, "बाई, मी येऊ का आत?"

मी रडता रडता हसले.

"बस गो हांगा," ती म्हणाली. तिचं नाव देवकी. झोपडीतून तिने गुळाचा काळा चहा आणला. ती कोंकणी बोलायची, मी आमची मराठी. दोघींनाही निम्मं कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. तिने विचारलं, घरी कोण आहे?

"कुणी न्हाई," मी म्हणाले. हे आजवर कुणाला असं सरळ सांगितलं नव्हतं. गावात कुणी विचारतच नाही, सगळ्यांना माहीत असतं.

"म्हजो पूत दुबयंत," ती म्हणाली. "हांगा हांव आनी हे कावळे." मग काठीने लाटांकडे दाखवलं. "थंय म्हजें घर आशिल्लें."

मला वाटलं माझी समजूत चुकली. तिथे तर पाणी होतं. "कुठं?"

"थंय. ती ल्हार फुटता थंय. दर्यान व्हेलें."

"मग वो?"

"मागीर हांव फाटीं सरलें." तिने मागच्या झोपडीकडे मान केली.

"आन् समुद्र अजून पुढं आला तर?"

"तेन्ना हांव आसतलीं काय?" तेव्हा ती तरी असणार का, असं म्हणून ती मोठ्याने हसली आणि एका कावळ्यावर काठी उगारून धावली. ती चेष्टा करत होती की खरंच बोलत होती, मला कळलं नाही. तिच्या हसण्यात दुःख शोधायचा मी प्रयत्न केला, कारण मला त्या वेळी सोबत हवी होती. ते काही सापडलं नाही. तिचं तिच्याशी ठीक चाललं होतं. मी एकटी होते ती एकटीच राहिले, फक्त चहा गरम होता.

दीड तासाने बस परत आली. रेचल आधी उतरली, मला मिठी मारून रडायला लागली. तिच्या मागे पाळकसाहेब. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मार्थाबाई, माझा जीव गेला वो!"

मी देवकीला नमस्कार केला. तिने माझ्या पिशवीत कागदात गुंडाळलेले चार सुके बांगडे कोंबले. बसमध्ये मी पाळकसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"साहेब, मला समुद्र दाखवायला कामून आणलाव?"

 पुढे कुणीतरी गाणं सुरू करत होतं, त्यांनी हात करून थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आधी सांगायचं होतं. दोनदा तुमच्या दारात आलो, चहा पिऊन गेलो. धीर झाला न्हाई. वाटलं, बाई जन्मात कुठं गेल्या न्हाईत. एकदा चांगलं काहीतरी बघू द्यावं, मग सांगावं."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"व्हय. उद्या तुमचा सत्कार हाय. शाल, मानपत्र. बीदरला खोली ठेवलीय, रिटायर सेविकांसाठी. चांगली हाय. नळ हाय."

"आकड्यामुळं झालं ना हे?"

"अकरा माणसांसाठी वेगळी सेविका ठेवता येत न्हाई म्हणलेत वरचे."

"आन् मी तेवीस लिहिलं असतं तर?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तर अजून दोन-तीन वर्षं..." एवढंच म्हणाले.

त्यांच्यावर मी रागावले का? रागावले होते. पण हा माणूस दोनदा दारात येऊन न सांगता परत गेला, हेही डोळ्यांपुढे येत होतं. दोन्ही एकदमच वाटत राहिलं.

शेवटचा दिवस

मी पाळकसाहेबांना सकाळी सांगितलं, शाल घेईन, पण मला बोलू द्या. मराठीत. ते म्हणाले, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, माझं काम ज्या भाषेत झालं त्या भाषेत बोलते. कळलं नाही तर नाही.

माझ्या खांद्यावर शाल घातली. माईक दिला.  रात्रभर मी मोठं भाषण जुळवलं होतं, पण त्यातला एक शब्द आठवेना. म्हणून आठवत होतं तेच सांगितलं.

"आमची मंडळी अकरा माणसांची आहे. तुमच्या तक्त्यात नुसता आकडा आहे, मी नावं सांगते. सत्यवानमामा. डोळ्यांनी दिसत नाही, पण सगळी गाणी पाठ आहेत. मी चुकले तर ते मधेच थांबवतात. शेवंता, त्यांची सून. त्यांचा हात धरून आणते. नवरा गेल्यावर माहेरी बोलावलं होतं, गेली नाही..."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणाला काही कळत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून पाळकसाहेब उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कन्नडमध्ये सांगू लागले. मी एक नाव घ्यायची, ते सांगायचे. आधी भराभर सांगत होते, उरकल्यासारखे. पाचव्या-सहाव्या नावानंतर हळू झाले. अकरावं नाव दहा वर्षांच्या मेरीचं होतं. तिला वाचायला मी शिकवलं आणि आता ती रविवारी शास्त्रपाठ वाचते. ते सांगताना पाळकसाहेब मधेच थांबले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी म्हटलं, "एवढंच. देव तुमचं भलं करो."

टाळ्या झाल्या. पुष्कळ झाल्या. जेवताना माणसं येऊन हात मिळवून गेली. रेचलने तिचा पत्ता लिहून दिला. मग ज्याचा त्याचा गट आपापल्या गाडीकडे गेला आणि मी खोलीत येऊन अजून ओलसर असलेली साडी पिशवीत भरली. निर्णय तोच राहिला. तो बदलेल असं मला वाटलंही नव्हतं, असं मी रेचलला सांगितलं. तेही पूर्ण खरं नव्हतं.

बीदर

घाट चढताना उलटी झाली नाही. जंगल बघितलं. फार सुंदर आहे, जरूर बघा.

गावी आल्यावर पहिल्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. शेवंता रडली.  सत्यवानमामा म्हणाले, "आज कोणतं गाणं घ्यायचं?"

जूनमध्ये प्रार्थनागृहाला कुलूप लागलं. दोन मशिनी तालुक्याला, भालकीला गेल्या. तिसरीचं चाक मोडलं होतं. ती शिवण शिकणाऱ्या बायांनी मागून घेतली आणि दुरुस्त करून आणली. अकरांतले पाच जण बसने भालकीच्या मंडळीत जातात. सत्यवानमामांना बस झेपत नाही. ते घरीच गातात, असं शेवंता फोनवर सांगते.

मी बीदरला राहते. खोली खरोखरच चांगली आहे, नळाला पाणी येतं. शेजारच्या खोल्यांत तिघी निवृत्त सेविका आहेत, त्यांची कन्नड माझ्यापेक्षा शुद्ध. रविवारी मोठ्या प्रार्थनामंदिरात तीन-चारशे माणसं असतात. गाणं सुरू झालं की मला वाटतं, कुणीतरी मधेच थांबवून माझी चूक दाखवावी. इतक्या आवाजात माझा आवाज ऐकू येत नाही, तर चूक कोण काढणार?

भाद्रपदात मी पहिल्यांदा गावी गेले. ज्या स्टँडवर एकतीस वर्षं उतरले, तिथेच उतरले. गंगाक्काच्या दारात गेले तर ती लगबगीने शेजारच्या घरात गेली, प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि अंगणात मांडली.

"बसा मार्थाक्का. च्या घेचाल ना?"

त्या घरी मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. चहा घेणार का, असं मला कुणी विचारलंही नव्हतं; चुलीवर असेल तो हातात यायचा. मी खुर्चीवर बसले. गंगाक्का समोर उभी राहिली.  "बीदरला बरं हाय का वो?" तिने विचारलं. "बरं हाय," मी म्हणाले. "तुमच्याकडं पाऊस?" मी विचारलं. "हाय की."

उंबऱ्याजवळ मुगाच्या शेंगांचा ढीग पडला होता, अर्ध्या सोललेल्या, सूप बाजूला. मी उठले, खुर्ची उचलून भिंतीला लावली, खाली बसले आणि सूप मांडीवर ओढून घेतलं.

 गंगाक्काही माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "त्या बाजूच्या घ्या आधी. वाळल्यात त्या."